आखाजीच्या आधी बोर्ड उघडून बघा

२०१९ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सात मेला होती. बहीण दोन्ही मुलांना घेऊन आदल्या दिवशी सुरतेहून रेल्वेने आली होती. अंगणात झोका बांधलेला, स्वयंपाकघरात रसाच्या परातींची गडबड आणि मधल्या खोलीत पत्र्याचा मोठा कूलर दिवसरात्र चालू. आमच्या दोंडाईच्यात मे महिन्यात पारा सहज ४३-४४ वर जातो, कूलर बंद ठेवायची सोयच नसते. दुपारी नऊ वर्षांचा भाचा हौदावर अंघोळ करून ओल्या अंगाने आत आला आणि गार वाऱ्यासाठी त्याने कूलरच्या जाळीला हात लावला. तो हात सुटेना. तोंडातून आवाजही फुटेना. बायकोने धावत जाऊन बोर्डातली पिन उपसली, तेव्हा पोरगं खाली कोसळलं.

भाचा वाचला. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. तळहातावर दोन पांढुरके चट्टे होते, तेही पुढे गेले.

आई त्याआधी आठ दिवस मला सांगत होती, "भाऊ, कूलर चावस." आणि मी तिला म्हणत होतो, चप्पल घालून पाणी भरत जा. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

त्या दिवसापासून पुढच्या जानेवारीपर्यंत घरातला विजेचा जुना कारभार टप्प्याटप्प्याने बदलला. घर वडिलांनी १९७४ साली बांधलेलं, वायरिंग तेव्हाचंच. जे शिकलो ते इथे लिहितो आहे, कारण आमच्या गल्लीत अशी अजून निदान दहा घरं आहेत आणि तुमच्याही गल्लीत असतील.

१. "चावतं" हा शब्द ऐकला की हातातलं काम टाका

कूलर, फ्रिज, गिझरचा नळ, वॉशिंग मशीन, यांतल्या कशालाही हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वीज पत्र्यात उतरली आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोरड्या पायांनी, चप्पल घालून हात लावला तर नुसती चुणचुण जाणवते. तोच कूलर, तीच गळती, पण पाय ओले आणि खाली फरशी असली की माणूस जातो. मधे फक्त चपलेचा तळ असतो.

आमच्या कूलरमध्ये काय झालं होतं ते नंतर उघडून पाहिलं. पाण्याच्या छोट्या मोटारीची वायर पत्र्याच्या भोकातून आत जात होती. भोकाला रबरी बूच नव्हतं. पंख्याच्या थरथरीने पत्र्याच्या धारेवर वायरीचं आवरण घासत घासत कापलं गेलं आणि नखाएवढी तांब्याची तार उघडी पडून पत्र्याला टेकली होती. एवढंच कारण. बुचाला दोन रुपये पडले असते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात विजेच्या धक्क्याने मरण पावलेल्यांचा आकडा दरवर्षी दहा हजारांच्या वर असतो. त्या आकड्यात कूलर किती असतील, हे खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

२. आर्थिंगची वायर दिसते, म्हणून आर्थिंग असतं असं नाही

आमच्या बोर्डातून आर्थिंगची तार निघालेली होती. ती भिंतीवरून अंगणात जाऊन नळाच्या पाइपाला पक्की गुंडाळलेली होती. जुन्या घरांमध्ये ही पद्धत सर्रास होती आणि त्या काळी ती चालूनही जायची. नळाचा लोखंडी पाइप जमिनीखालून लांबवर गेलेला, त्याच्या आधाराने गळती मातीत उतरायची. पुढे पाइप गंजला, म्हणून आम्हीच हौदापासून गेटपर्यंत प्लॅस्टिकचा पाइप टाकून घेतला. अंगणात वीतभर लोखंडी तुकडा तेवढा वर राहिला आणि आर्थिंगची तार त्यालाच गुंडाळलेली राहिली. खाली मातीशी काही संबंधच उरला नव्हता. नळ दुरुस्त केला त्या दिवशी घराचं आर्थिंग गेलं आणि घरातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

तुमच्या घरी आर्थिंगची तार कुठे जाते, ते तिच्या मागोमाग चालत जाऊन बघा. नळाला, गेटला, स्लॅबच्या सळईला बांधलेली असेल तर आर्थिंग नाही असंच समजा.

वरवाड्याकडचे एक म्हातारे वायरमन काका आम्हाला भेटले आणि पुढचं सगळं काम त्यांनीच केलं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "भाऊ, पेटी मागून बदलू, आधी खड्डा." अडीच मीटर लांबीचा जस्त चढवलेला लोखंडी पाइप उभा पुरला, त्याच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकण ठेवलं. जागाही त्यांनीच निवडली, हौदाचं सांडलेलं पाणी जिथे मुरतं तिथली. आमच्याकडची काळी जमीन पावसाळ्यात चिकट होते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती आकसून पाइपापासून सुटली की आर्थिंग नुसतं नावाला उरतं. म्हणजे कूलर सगळ्यात जास्त चालतो नेमक्या त्याच महिन्यात आर्थिंग सगळ्यात कमजोर झालेलं असतं. म्हणून मार्चपासून दर आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या नरसाळ्यात ओतायचं, हे काम आता आमच्या आईने स्वतःकडे घेतलं आहे.

३. शंभरचा बल्ब लागला, म्हणजे झालं नाही

आर्थिंग तपासायची गल्लोगल्लीची रीत म्हणजे शंभर वॉटचा बल्ब. एक वायर फेजला, दुसरी आर्थिंगला. बल्ब लखलखीत पेटला की "एक नंबर आर्थिंग". काकांनी मला यातली गफलत हिशोब मांडून दाखवली. शंभरच्या बल्बला अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी वीज लागते. आर्थिंगला ५० ओहमचा अडथळा असला, म्हणजे ते अगदी भिकार असलं, तरी बल्ब जवळपास पूर्ण पेटतो. आणि त्याच आर्थिंगवर कूलरच्या पत्र्यात फेज उतरला तर किती वीज वाहील? २३० भागिले ५०, म्हणजे साधारण साडेचार अँपिअर. एवढ्याने ६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी बसणारा आपोआप पडणारा स्विच, तीसुद्धा पडत नाही. पत्रा तसाच जिवंत राहतो, पुढचा हात लागायची वाट बघत.

म्हणून आर्थ टेस्टरने रीडिंग घ्यायला लावा. दोन खिळे जमिनीत ठोकून मोजतात, अर्ध्या तासाचं काम आहे. पाच ओहमच्या आत आणा, असा काकांचा दंडक. आणि रीडिंग भर मे महिन्यात घ्या. श्रावणात घेतलेल्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका.

४. लाईट गेली म्हणून बोर्डात हात घालू नका

जुना बोर्ड उतरवला त्या दिवशी मी शेजारी उभा होतो. सागवानी फळी, तिच्यावर लोखंडी मेन स्विच, खाली चिनी मातीचे पांढरे किटकॅट फ्यूज, काळे गोल बेकलाइटचे स्विच. फळी भिंतीपासून सुटी केली तर मागे उदईची माती, कुंभारमाशीचं घर आणि एका पितळी स्क्रूभोवती रुपयाएवढा काळा डाग. तो डाग बघून एक जुनी गोष्ट उलगडली. मागच्या दोन उन्हाळ्यांत संध्याकाळी घरात कधीकधी माशासारखा वास यायचा. आमचं घर माळकरी. आई खिडक्या लावून घ्यायची, आम्हाला वाटायचं शेजारून येतो. तो वास आमच्याच भिंतीतून येत होता. बोर्डातलं प्लॅस्टिक, बेकलाइट तापून जळायला लागलं की पुष्कळदा तसाच उग्र वास सुटतो. घरात असा वास आला तर आधी बोर्ड हुंगा.

पण खरा धक्का वेगळाच होता. आमच्याकडे फेजलाही फ्यूज होता आणि न्यूट्रललाही. जुन्या दुहेरी मेन स्विचमध्ये दोन खोबणी असायच्या, म्हणून दोन्हीत फ्यूजची तार घातलेली. न्यूट्रलवर फ्यूज नको हे भारतीय वीज नियमांत १९५६ पासून लिहिलेलं आहे, तरी जुन्या घरांत हे अजून सापडतं. यात वाईट काय, तर न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवे जातात, पंखे थांबतात, घरातला माणूस समजतो लाईट गेली. आणि फेज मात्र होल्डरपर्यंत, स्विचपर्यंत, कूलरच्या मोटारीपर्यंत तसाच उभा असतो. वडील हयात असताना अंधारात बॅटरी धरून त्याच बोर्डात फ्यूज बांधायचे. ते निभावलं ही देवाची कृपा.

आणि फ्यूज बांधायचो कशाने? हाताशी पडलेल्या वायरीतली तार काढून, तिला तिहेरी पीळ देऊन. तार जाड केली की फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर उडते.

५. एमसीबीचा आकडा वायर ठरवते

१९७४ साली या घरात चार बल्ब, दोन पंखे आणि एक रेडिओ होता. आज दोन हजार वॉटचा गिझर एकटा नऊ अँपिअर ओढतो, दीड टनाचा एसी सात-आठ. त्यात फ्रिज, इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटार. जुने वायरमन ज्याला "तीन बावीस" म्हणतात त्या वायरीवर हे सगळं चाललं होतं. लाकडी पट्टीतून ती वायर ओढून काढली तर रबर बिस्किटासारखं तुटून हातात आलं.

एमसीबी सारखी पडते, म्हणून मोठी बसवून घ्या, हा सल्ला फार ऐकू येतो. तो ऐकू नका. दीड एमएमच्या वायरीला ६ किंवा १० ची एमसीबी, अडीचला १६ ची, चार एमएमला २० ची, असा आमच्या घरी हिशोब ठेवला. दिवे-पंखे दीडवर, नेहमीचे प्लग अडीचवर, गिझर आणि एसी यांना प्रत्येकी वेगळी चारची वायर. दीडच्या वायरीवर ३२ ची एमसीबी बसवणं आणि फ्यूजला तिहेरी पीळ देणं, यात काडीचाही फरक नाही. नवी चकचकीत पेटी आणि भिंतीत जुनी वायर ठेवायची असेल तर पैसे वाचवा, काही करू नका.

वायरीवर आयएस ६९४ आणि एमसीबीवर आयएसआयची खूण बघून घ्या. आम्ही सामान धुळ्याहून पक्क्या बिलावर आणलं.

६. एमसीबी वायर वाचवते. माणूस आरसीसीबी वाचवते

सगळ्या कामातली ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली आणि ती सगळ्यात मोलाची आहे. एमसीबी कितीही चांगली असो, तिला माणसाची काही माहिती नसते. ६ अँपिअरच्या एमसीबीला पडायला सहा अँपिअरहून जास्त वीज लागते. माणसाच्या छातीतून जाणारी वीज त्याच्या दोनशेव्या हिश्शाला, म्हणजे ३० मिलिअँपिअरला पोचली की श्वासाचे स्नायू आखडू लागतात, आणि त्याच्या पुढे हृदयाचा ठोका बिघडायला फार लागत नाही. भाच्याचा हात चिकटला होता तेव्हा आमचे फ्यूज शाबूत होते. नव्या एमसीबी असत्या तर त्याही शांत बसल्या असत्या.

आरसीसीबीचं काम वेगळं. फेजमधून गेली तेवढी वीज न्यूट्रलमधून परत आली का, एवढंच ती सतत ताडून बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठेतरी पत्र्यातून किंवा माणसातून वीज जमिनीत चालली आहे, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ती घराची वीज तोडते. आर्थिंग चांगलं असेल तर हात लागायच्या आधीच तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचीच घ्या. दुकानदार १०० किंवा ३०० ची देत असेल तर ती आगीसाठी आहे, माणसासाठी नाही. आणि एक ध्यानात ठेवा, एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल असा धरलात तर तिलाही कळत नाही. तिला तो बल्बच वाटतो.

७. आरसीसीबी पडते, तेव्हा ती खरं बोलते

जानेवारीत नवी पेटी बसली. पहिल्या रात्री चार वेळा आरसीसीबी पडली. दिवस थंडीचे होते म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी शेजारचे, नात्यातले, येईल तो एकच सांगायचा: ते काढून टाका, आमच्याकडेही असंच झालं होतं, काढलं आणि शांत झालं. मीही डळमळलो होतो.

काकांनी एकेक एमसीबी खाली पाडत शोध घेतला. जिन्यातला दिवा लावला की आरसीसीबी पडायची. आमचं घर वडील आणि चुलते या दोघा भावांत वाटलं गेलं, तेव्हा एका मीटरचे दोन झाले. भिंत पडली, चुली वेगळ्या झाल्या, पण जिन्यातल्या दिव्याचा फेज आमच्याकडून आणि न्यूट्रल चुलतभावाकडून, तसाच राहिला. तीस वर्षं तो दिवा दोन्ही घरांच्या विजेवर जळत होता. आमच्याकडून गेलेली वीज परत त्यांच्याकडे जायची, मग आरसीसीबी पडणारच. न्यूट्रल आमच्याकडे ओढून घेतला, तो प्रश्न मिटला. उरला एक बाथरूमचा प्लग. तिथे कोणीतरी आर्थिंगच्या जागी न्यूट्रल जोडून ठेवला होता. त्या प्लगवर गिझर होता. न्यूट्रल कुठे तुटला असता तर गिझरच्या नळातून फेज आला असता.

आरसीसीबी काढून टाकली असती तर हे दोन्ही दोष भिंतीत तसेच राहिले असते. तुमच्याकडे पडत असेल तर कारण सापडेपर्यंत वायरमनला सोडू नका.

८. मेन पाडला तरी इन्व्हर्टर चालूच असतो

भारनियमनाच्या वर्षांत खान्देशात बहुतेक घरांत इन्व्हर्टर आले आणि ते राहिले. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो इमानदारीने त्याच्या लाईनीत वीज सोडतो. बोर्डाचं काम करताना इन्व्हर्टर बंद करा, त्याची पिनही काढा, आणि मग टेस्टर लावून बघा. आम्ही पेटीत इन्व्हर्टरच्या एमसीबीवर लाल पट्टी चिकटवली आहे.

९. कागदपत्रं

मीटर, त्याचं सील आणि खांबावरून येणारी वायर महावितरणची. तिथे आपल्या वायरमननेही हात लावायचा नाही. लोक अजूनही "एमएसईबीवाले" म्हणतात, पण २००५ पासून कंपनी महावितरण आहे. तक्रारीला १९१२ वर फोन करता येतो. एसी, गिझर वाढले की बिलावरचा मंजूर भार बघून वाढीचा अर्ज करा. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून चाचणी अहवाल मागून घ्या. मेगर म्हणजे वायरीच्या आवरणाचा अडथळा मोजायचं यंत्र; त्याने ५०० व्होल्टवर वायरिंग तपासलं की रीडिंग एक मेगाओहमच्या खाली यायला नको. पीएम सूर्य घर योजनेत छतावर पॅनल बसवायचा विचार असेल तर बोर्ड आणि आर्थिंग आधी नीट करा. आम्ही तीन किलोवॉटचं बसवलं, ते या क्रमानेच.

१०. पेटी बसल्यावरची कामं

दोन महिन्यांनी काकांनी येऊन सगळे स्क्रू पुन्हा आवळले, त्यातले तीन सैल निघाले. पेटीच्या दाराला आतून कागद चिकटवला आहे. कोणती एमसीबी कुठली, ते आईला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत. दर महिन्याच्या एक तारखेला आरसीसीबीचं "टी" लिहिलेलं बटण दाबतो. ती पडली की जिवंत आहे. पडली नाही तर त्याच दिवशी बदलायची. हे बटण आता भाचा आला की तोच दाबतो.

आखाजी जवळ आली की लेकी-सुना, नातवंडं घरी येतात आणि माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. यंदा कूलरमध्ये पाणी भरण्याआधी वायरमनला बोलवा. आर्थिंगचं रीडिंग घ्यायला सांगा, कूलरला तीन पिनांची वायर लावा, आणि घरात आरसीसीबी नसेल तर आधी ती बसवा. चांगल्या कूलरच्या निम्म्याहून कमी किमतीत ती मिळते.